आरएक्स 100 च्या चिरलेल्या ब्लॉकची घरच्या घरी दुरुस्ती: प्रकल्प नोंदी

1 जून 2025

काकांची 1994 सालची यामाहा आरएक्स 100 गेली काही वर्षे कोल्हापूरच्या घराच्या मागील पडवीत उभी होती. किक मारल्यावर ती अर्ध्यात अडायची आणि जोर लावला की आतून खरवडल्यासारखा आवाज यायचा. हे इंजिन पूर्ण खोलून उभे करायचे आहे. त्यातला सर्वांत कसोटीचा भाग म्हणजे सिलिंडर, ज्याला आपल्याकडे सगळे ब्लॉक म्हणतात, त्याची दुरुस्ती. म्हणून या नोंदी प्रामुख्याने ब्लॉकच्याच आहेत.

इंजिन अगदी साधे आहे. ते टू-स्ट्रोक आणि हवेने थंड होणारे आहे, बोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा व्यास, 50 मि.मी. आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तीही 50 मि.मी., म्हणजे 98 सीसी. ब्लॉकचे अंग ॲल्युमिनियमचे असून आत बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखे अस्तर, आहे. या गाडीचा ऑइल पंप पूर्वीच कोणीतरी काढून टाकला आहे आणि पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळूनच ती चालवली गेली आहे, हे पुढच्या निदानात लक्षात ठेवावे लागेल. आज टाकी, सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून बाजूला ठेवले. एअर फिल्टरच्या डब्यात फोमचा एक तुकडा तेवढा उरला होता. ब्लॉकच्या मागच्या बाजूच्या दोन फिन, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी पाती, तुटलेल्या आहेत.

3 जून 2025

हेड, म्हणजे ब्लॉकवरचे झाकण, काढले, ब्लॉक हळूहळू वर ओढून सोडवला आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी नेऊन पाहिला. जाम झालेल्या इंजिनाचा ब्लॉक हा एक पुरावा असतो आणि तो पुसून टाकण्याआधी नीट वाचला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक वेळा ब्लॉक थेट बोअर मारायला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, पाठवला जातो, नवा पिस्टन बसतो आणि काही महिन्यांत इंजिन पुन्हा त्याच कारणाने पकडते, कारण कारण कोणी शोधलेलेच नसते.

आत दोन वेगवेगळ्या जखमा दिसल्या. एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे जळलेला वायू बाहेर जाण्याच्या खिडकीच्या, बाजूला बिडावर ॲल्युमिनियम चोपडल्यासारखे चिकटले होते आणि पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या घेरावर, त्याच जागी उभे ओरखडे होते. पिस्टनवर चारी कोपऱ्यांना खुणा असत्या, तर पिस्टन आणि बोअर यांच्यातील अंतर कमी ठेवले गेले किंवा थंड इंजिन एकदम पळवले गेले असा संशय घेतला असता. इथे खुणा फक्त एक्झॉस्टकडे आहेत. ती पिस्टनची सर्वांत तापणारी बाजू. म्हणजे इंजिन गरजेपेक्षा जास्त तापले. पिस्टनचा माथा फिकट, जवळजवळ पांढरट होता, त्यावरून मिश्रण पातळ चालले होते, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात होती, हा अंदाज पक्का झाला.

दुसरी जखम डाव्या भिंतीवर, पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या रेषेत आहे. ती एक सरळ, खोल, नखाला अडकणारी चीर आहे. गजन पिनचे डाव्या बाजूचे लॉक, म्हणजे पिन जागेवर धरणारी तारेची कडी, खाचेत नव्हते. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही चीर जिथे चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या कडेपर्यंत पोहोचते, तिथे ती त्या ॲल्युमिनियमलाही कापून गेली आहे. म्हणजे आधी पिस्टन पकडला आणि लॉक नंतर सुटले. रिंगा मात्र पिस्टनच्या मानाने बऱ्याच नव्या दिसतात. यावरून क्रम असा लागतो: इंजिन एकदा जाम झाले, कोणा मेकॅनिकने पिस्टन बाहेर काढून रिंगा बदलल्या, जुनेच लॉक परत बसवले आणि बोअरमधला ॲल्युमिनियमचा थर तसाच ठेवून इंजिन बांधले. एकदा काढलेल्या लॉकचा ताण गेलेला असतो. ते दुसऱ्यांदा वापरणे म्हणजे बोअर पणाला लावणे होय.

लॉकचे तुकडे शोधण्यात बराच वेळ गेला, पण तो देणे भागच होते. लोहचुंबक दोरीला बांधून क्रँककेसमध्ये, म्हणजे ब्लॉकखालच्या पेटीत, सोडला तेव्हा एक तुकडा हाती लागला, दुसरा ब्लॉकच्या डाव्या ट्रान्स्फर पोर्टच्या, म्हणजे क्रँककेसमधून मिश्रण वर नेणाऱ्या वाटेच्या, वळणात अडकलेला सापडला. दोन्ही तुकडे कागदावर ठेवून नव्या लॉकच्या आकाराशी जुळवले, तर एका टोकाचा भाताच्या शितापेक्षाही लहान भाग कमी भरला. क्रँककेस पेट्रोलने धुऊन, गाडी दोन्ही बाजूंना कलती करून, ते पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळल्यावर तो तुकडाही मिळाला. तो आत राहिला असता तर बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, बेअरिंगपर्यंत पोहोचला असता. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला, उभा खेळ अजिबात नाही. बेअरिंग वाचले आहे.

7 जून 2025

आज मापे घेतली. त्याआधी चिकटलेले ॲल्युमिनियम काढणे भाग होते, कारण त्या थरावरून घेतलेले माप खोटे येते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो आणि बिडाला काही करत नाही. मात्र या ब्लॉकचे अंगच ॲल्युमिनियमचे असल्याने तो त्यात बुडवणे म्हणजे ब्लॉक गमावणे. म्हणून घट्ट द्रावण प्लास्टिकच्या वाटीत तयार करून, कापसाच्या बोळ्याने फक्त त्या थरावर लावले आणि पोर्टच्या कडा ग्रीस लावून झाकल्या. थर फसफसू लागतो आणि हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे हे काम अंगणात, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून केले. फसफस थांबली की ॲल्युमिनियम संपले असे समजावे. नंतर भरपूर पाण्याने ब्लॉक धुतला आणि लगेच ऑइलचा हात फिरवला.

पिस्टनच्या माथ्यावर 75 हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे ब्लॉकचा बोअर आधीच तीनदा वाढवला गेला असावा आणि मूळ 50 मि.मी.चा बोअर 50.75 पर्यंत आलेला आहे. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी पिनच्या रेषेत आणि तिला काटकोनात अशी मापे घेतली. वरच्या भागात काटकोनात 50.83, पिनच्या रेषेत 50.79 आणि अगदी तळाशी 50.77 आले. झीज वरच्या बाजूला जास्त आहे, शिवाय बोअर किंचित अंडाकृती झाला आहे. हे सगळे बोअर मारून सुटले असते. खरा प्रश्न त्या चिरेचा आहे. बारीक टोकाचा डायल इंडिकेटर तिच्यावरून आडवा फिरवला तेव्हा सर्वांत खोल जागी काटा 0.28 मि.मी. खाली गेला.

8 जून 2025

आता हिशेब मांडू. 50.77 च्या बोअरमध्ये एका बाजूला 0.28 मि.मी. खोल चीर आहे. ती पूर्ण घालवायची तर सर्व बाजूंनी तेवढे कापावे लागेल, म्हणजे व्यास 0.56 ने वाढून निदान 51.33 होईल. बाजारात सर्वांत मोठा पिस्टन शंभर साइजचा, म्हणजे 51.00 चा मिळतो. 0.33 मि.मी. कमी पडतात. चीर डाव्या भिंतीवर असल्याने बोअरचे केंद्र त्या बाजूला सरकवून ती घालवावी, असे एकाने सुचवले. पण मग पिस्टन कनेक्टिंग रॉडशी सरळ राहणार नाही, म्हणून तो मार्ग सोडला.

धातूमिश्रित एपॉक्सीने चीर भरण्याचाही एक उपाय सांगितला जातो. पोर्ट असलेल्या टू-स्ट्रोक बोअरमध्ये रिंगा सतत घासत असतात आणि भिंत तापत असते. तिथे ते सुटून रिंगेखाली येणार. पूर्ण नवा डुप्लिकेट ब्लॉक मिळतो आणि तो आजच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तही पडतो. दुकानात मी एक हातात घेऊन पाहिला, तेव्हा ॲल्युमिनियममधली ट्रान्स्फरची वाट आणि स्लीव्हमधली खिडकी यांच्यात डोळ्यांना दिसणारी पायरी होती. या इंजिनाची सारी चपळाई त्या वाटांतून वायू कसा वाहतो यावर अवलंबून आहे, आणि काकांच्या गाडीचा मूळ ब्लॉक अजून जिवंत आहे. म्हणून नवी स्लीव्ह घालून बोअर पुन्हा 50 मि.मी.च्या स्टँडर्ड मापावर आणायचा, असे ठरवले.

14 जून 2025

ब्लॉक मशीनवर जाण्याआधी मिश्रण पातळ का झाले, हे शोधायचे होते. फिल्टरचा फोम जवळजवळ नव्हताच, हे एक कारण आहेच. दुसरा संशय क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलवर होता. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये हवेचा दाब कमी होतो आणि त्या ओढीनेच कार्बोरेटरमधून मिश्रण आत येते. क्रँकच्या डाव्या, म्हणजे मॅग्नेटकडच्या सीलची लवचिकता गेली असेल, तर त्याच ओढीने तिथूनही निव्वळ हवा आत येते, जिच्यात ना पेट्रोल असते ना ऑइल. उजव्या, क्लचकडच्या सीलची गोष्ट वेगळी असते. ते गेले तर गिअर ऑइल ओढले जाते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. या गाडीला तसा धूर कधी नव्हता, असे काका सांगतात.

परीक्षेसाठी क्रँककेसच्या तोंडावर जाड रबरी पत्रा आणि त्यावर लोखंडी पट्टी ठेवून, ब्लॉकच्याच चार स्टडवर नट आवळून तोंड बंद केले. पट्टीला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला होता. दाब देण्यासाठी आणि मोजण्यासाठी आईचे जुने, काट्याचे बी.पी. मोजायचे यंत्र वापरले. त्याचा काटा 300 पर्यंत जातो, आणि पाऱ्याचे 300 मि.मी. म्हणजे साधारण 0.4 बार, इतक्याच हलक्या दाबाची इथे गरज असते. टायरचा पंप वापरू नये, जास्त दाबाने चांगले सीलही उलटते.

काटा 250 वर नेऊन फुगा सोडला, तर मिनिटभरात तो 180 च्या खाली आला. कव्हर आणि मॅग्नेट काढून, ब्रशने साबणाचे पाणी लावले. क्रँकच्या दांड्याभोवती डाव्या सीलच्या ओठातून एकामागून एक बारीक बुडबुडे येऊ लागले, आणि क्रँक हाताने किंचित फिरवला की ते वाढायचे. क्रँककेसच्या जोडावर मात्र एकही बुडबुडा नव्हता. पिस्टन का पकडला, याचे उत्तर इथे मिळाले.

15 जून 2025

डावे सील बाहेरूनच काढता आले. जुन्या सीलचा ओठ नखाने दाबला तरी वाकत नव्हता. दांड्यावर सील घासून पडलेली रेघ हाताला लागते, पण खोल नाही. बारीक पॉलिश पेपरने ती जागा स्वच्छ केली, नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावले आणि सॉकेटच्या मदतीने ते सरळ बसवले. पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा काटा 250 वरून बराच वेळ हलला नाही. आता ब्लॉकचे काम सुरू करायला हरकत नाही.

21 जून 2025

कामांचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. फिनचे वेल्डिंग सर्वांत आधी, मग स्लीव्ह, मग वरचा चेहरा, म्हणजे वरचा सपाट पृष्ठभाग, मग बोअर आणि शेवटी होनिंग, म्हणजे दगडांनी बारीक घासणे. वेल्डिंगची उष्णता ब्लॉकला थोडीफार वाकवतेच. आधी बोअर मारून नंतर फिन जोडली, तर गोल केलेला बोअर पुन्हा बिघडतो.

जुनी स्लीव्ह कापली जाण्यापूर्वी तिच्यातल्या खिडक्यांचा नकाशा घेऊन ठेवला. पातळ कागदाची गुंडाळी बोअरमध्ये भिंतीला चिकटवून बसवली आणि मऊ पेन्सिल आडवी धरून कागदावर घासली, तशा एक्झॉस्ट, इनटेक आणि ट्रान्स्फर पोर्टच्या कडा कागदावर ठळक उमटल्या. कागदाची वरची कड ब्लॉकच्या वरच्या चेहऱ्याशी अचूक लावलेली होती, त्यामुळे प्रत्येक खिडकी वरून किती अंतरावर सुरू होते हे आता लेखी आहे. पोर्टची ही उंचीच टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हचे वेळापत्रक ठरवते.

फिनसाठी ब्लॉक आर्गन वेल्डिंगवाल्याकडे दिला. तीस वर्षांचे ऑइल ॲल्युमिनियमच्या छिद्रांत मुरलेले असते आणि आच लागली की ते वर येऊन वेल्ड काळे, फुसके करते. म्हणून जागा तारेच्या ब्रशने घासून आणि आधी नुसतीच तापवून ऑइल बाहेर आणले, पुसले, आणि मग जोडले. तुटलेला एक तुकडा काकांनी डब्यात जपून ठेवला होता, तोच परत बसला. दुसऱ्या फिनच्या जागी ॲल्युमिनियमची पट्टी कापून लावली. फाइलने आकार दिल्यावर जोड शोधावा लागतो.

28 जून 2025

शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या शेडमध्ये स्लीव्हचे काम झाले. कोल्हापूरच्या या भागात फाउंड्री, लेथ आणि बोअरिंगची कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मिस्त्रींनी ब्लॉक फिरवून पाहिला, फिनवर अंगठा फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिस्टन आणलाय का? पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरचं माप बोलायचं नाही." पिस्टन आणलेला होता.

तयार स्लीव्हला खिडक्या पाडलेल्या मिळतात. घरचा कागदी नकाशा तिच्याभोवती गुंडाळून पाहिला, तेव्हा एक्झॉस्टची वरची कड जुळली, पण एका ट्रान्स्फर खिडकीची बाजू अर्ध्या मि.मी.ने आत होती. वरची कड जुळणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ती वर गेली तर इंजिनाचा स्वभावच बदलतो आणि खालची ताकद जाते. बाजू मात्र नंतर घासून जुळवता येते. दुसरी स्लीव्ह मागवण्याची गरज नाही, यावर मिस्त्री आणि मी सहमत झालो.

जुनी स्लीव्ह ठोकून काढत नाहीत. मिस्त्रींनी ती आतून कापत पातळ केली, शेवटी कागदासारखी उरलेली भिंत आत मुडपून निघाली आणि ॲल्युमिनियमला धक्का लागला नाही. त्यानंतर ॲल्युमिनियमचा बोअर स्लीव्हच्या बाहेरच्या व्यासापेक्षा 0.06 मि.मी. लहान ठेवून कापला. या घट्टपणावरच सगळे अवलंबून आहे. तो कमी पडला तर तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगून स्लीव्ह सैल होते, तिच्यातली उष्णता फिनपर्यंत पोहोचत नाही, आणि जास्त ठेवला तर स्लीव्ह बसतानाच आवळली जाऊन बोअर वेडावाकडा होतो.

बसवण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. 55 मि.मी.च्या आसपासचा ॲल्युमिनियमचा व्यास 25 अंशांवरून 215 अंश सेल्सिअसपर्यंत नेला की सुमारे 0.24 मि.मी.ने वाढतो. स्लीव्ह आदल्या रात्रीपासून फ्रीजरमध्ये होती, त्यामुळे तीही दोनेक शतांश मि.मी.ने आकसलेली होती. म्हणजे बसवण्याच्या क्षणी 0.06 च्या घट्टपणाऐवजी जवळपास 0.20 मि.मी.ची मोकळीक मिळते. ब्लॉक भट्टीतून निघाला, मिस्त्रींनी स्लीव्हवरची खडूची रेघ ब्लॉकवरच्या रेघेशी धरली आणि स्लीव्ह स्वतःच्या वजनाने आत उतरली. हा एकच क्षण हाती असतो. स्लीव्ह गरम होताच ती पकडते आणि मग हलत नाही. 50 मि.मी.च्या बोअरचा परीघ 157 मि.मी. भरतो, त्यामुळे रेघ एका अंशाने चुकली तरी खिडकी जवळजवळ अर्धा मि.मी. सरकते. रेघा जुळल्या. वरची कॉलर तिच्या खाचेत दाबून राहावी म्हणून ब्लॉक निवेपर्यंत वर लोखंडी ठोकळा ठेवला होता.

ब्लॉक रात्रभर निवू दिला. तापलेल्या ॲल्युमिनियमवर घेतलेले माप विश्वासाचे नसते, त्यामुळे बोअर पुढच्या आठवड्यात.

5 जुलै 2025

नव्या स्टँडर्ड पिस्टनचे माप स्कर्टच्या तळापासून साधारण 10 मि.मी. वर, पिनला काटकोनात घेतले: 49.96. पिस्टन वर निमुळता आणि पिनच्या दिशेने किंचित चपटा असतो, म्हणून माप घेण्याची जागा बदलली की आकडा बदलतो. बोअरचे लक्ष्य 50.00 ठरवले, म्हणजे अंतर 0.04. मिस्त्रींनी आधी वरचा चेहरा हलकासा कापून स्लीव्हची कॉलर ब्लॉकशी समपातळीत आणली, मग बोअर 49.95 पर्यंत मारला आणि उरलेले होनिंगने काढले. होनचे दगड वर-खाली जाताना भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पडतात. त्याच रेघांत ऑइल टिकून राहते. डायल बोअर गेजचा काटा वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांना फिरवून पाहिला, तो शून्यापासून शतांश मि.मी.च्या आतच राहिला. असे काम करणारे हात शहरात आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटते.

6 जुलै 2025

आजचे काम मशीनचे नाही, फाइलचे आहे. खिडकीवरून जाताना रिंग किंचित बाहेर फुगते, आणि खिडकीची कड धारदार असेल तर ती तिथे अडकून तुटते. म्हणून प्रत्येक पोर्टची कड बारीक गोल फाइलने साधारण अर्धा मि.मी. तिरकी केली आणि नंतर पॉलिश पेपरने गोलसर केली. एक्झॉस्टच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सर्वांत जास्त वेळ दिला. ट्रान्स्फरची ती अर्धा मि.मी. आत राहिलेली बाजू ॲल्युमिनियमच्या वाटेशी सलग केली. आता बोट फिरवले तर पायरी लागत नाही.

धुण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बरेच नवे बोअर इथेच मरतात. होनच्या दगडांची पूड भिंतीतल्या रेघांत रुतून बसते आणि रॉकेल किंवा पेट्रोलने ती निघत नाही, नुसती पसरते. भांडी घासायचा साबण, कडकडीत पाणी आणि नायलॉनचा ब्रश यांनी ब्लॉक पुन:पुन्हा धुतला आणि पांढऱ्या सुती फडक्यावर ऑइलचे दोन थेंब घेऊन भिंत पुसत राहिलो. फडक्यावर राखाडी छटा यायची थांबेपर्यंत हे चालू ठेवले. जुलैतल्या कोल्हापूरच्या ओल्या हवेत उघडे बीड पाहता पाहता तांबूस होते, म्हणून पाणी उडवून लगेच टू-टी ऑइलचा पातळ थर दिला आणि ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला.

12 जुलै 2025

जोडणी केली. प्रत्येक रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलली आणि फीलर गेजने टोकांमधली फट मोजली; दोन्ही रिंगांना 0.22 आली. अक्षराची बाजू वर ठेवून रिंगा चढवल्या आणि त्यांची टोके खाचेतल्या खिळ्यांवर बसली आहेत ना, हे पाहिले. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. स्मॉल एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचे, नीडल बेअरिंग नवे घातले.

लॉक बसवताना क्रँककेसचे तोंड फडक्याने बंद ठेवले. दोन्ही लॉक नवी आहेत आणि त्यांचे उघडे तोंड खाली ठेवले आहे. पिस्टन वर-खाली झटके खातो, तेव्हा आडवे तोंड असलेल्या लॉकवर ते झटके मिटण्याच्या दिशेने बसतात. उभ्या रेषेत तोंड असले की तो धोका राहत नाही. बसवल्यावर प्रत्येक लॉक टोकदार सळईने गोल फिरवून पाहिले. ते खाचेत पूर्ण बसले असेल तरच सहज फिरते. ब्लॉक उतरवताना रिंगा बोटांनीच दाबल्या, जोर अजिबात लावला नाही. हेडचा चेहरा काचेवर चिकटवलेल्या एमरी पेपरवर आठाच्या आकड्यात फिरवून सपाट केला, नवे पॅकिंग घातले, आणि चार नट तिरक्या क्रमाने टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळले.

13 जुलै 2025

इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या पत्र्याने बंद करून अख्ख्या इंजिनाची दाबपरीक्षा घेतली. इनटेक जॉइंटच्या खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा दिसला. तिथल्या बोल्टचे आटे अर्धे गेलेले होते, त्यामुळे तो आवळल्यासारखा वाटायचा पण दाबत नव्हता. आटे पाडून तारेची इन्सर्ट बसवली, पॅकिंग बदलले, आणि मग काटा जागचा हलला नाही. मिश्रणात बाहेरची हवा शिरण्याच्या सगळ्या वाटा आता बंद आहेत.

19 जुलै 2025

सुरू करण्याआधी जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचा, विचार केला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला मात्र 9 च भाग पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. अशा 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, म्हणजे ई-20 साठी, हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे 1994 च्या जेटमधून तेवढेच इंधन गेले, तर मिश्रण आपोआप पातळ होते. सील आणि फिल्टर ठीक केल्यावरही ही एक वाट उरतेच. म्हणून मेन जेट एक साइज मोठा घातला आणि नवा फोम तेलात भिजवून, पिळून बसवला.

टाकीत लिटरला 40 मि.लि. टू-टी ऑइल मिसळले आहे, नेहमीच्या दुप्पट. इंजिन किकला लगेच धरले. फिन हाताला चटका देईपर्यंत चालू ठेवले, बंद केले आणि पूर्ण निवू दिले. असे तीन वेळा. निवल्यावर हेडचे नट तपासले, दोन नट किंचित फिरले.

17 ऑगस्ट 2025

500 कि.मी. झाले. या काळात थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला नाही आणि एकाच वेगावर फार वेळ धरूनही ठेवला नाही. ज्योतिबाच्या चढावर गरम इंजिन चौथ्या गिअरमध्ये ओढायचे टाळले, गिअर खाली घेतला.

आज थ्रॉटल पूर्ण उघडून लांब सरळ रस्त्यावर नेले, तिथेच किल बटणाने इंजिन बंद केले, क्लच दाबून थांबलो आणि प्लग काढला. चिनी मातीचा रंग गडद तपकिरी आहे. आधीच्या पांढरट माथ्यापासून हे बरेच दूर आले आहे. सायलेन्सर सोडवून टॉर्चने एक्झॉस्ट पोर्टमधून आत पाहिले. स्कर्टवर एकही उभा ओरखडा नाही, भिंतीवर ॲल्युमिनियमचा माग नाही आणि होनिंगच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट आहेत. रिंगांचा चेहरा सर्व बाजूंनी सारखा चकाकतो आहे, म्हणजे त्या बोअरला पूर्ण टेकल्या आहेत. जोडलेल्या फिनच्या मुळाशी तडा नाही.

मेन जेट आहे तोच ठेवणार. पुढच्या टाकीपासून ऑइल लिटरला 30 मि.लि. आणि 1,000 कि.मी. नंतर 20. उजवे सील अजून जुनेच आहे. पावसाळा संपल्यावर क्लचचे कव्हर उघडेल तेव्हा तेही बदलायचे आहे.